कॉम्प्युटरच्या पंख्यात पीठ

मंडळी, आज दुपारी चारला माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. बाळंतपणात नोकरी सोडली, त्याला तीन वर्षं झाली. त्यामुळे सकाळपासूनच मी उत्तरं घोकत होते.

त्यात घरचा कॉम्प्युटर इतका हळू, की सुरू व्हायलाच दहा मिनिटं. नको ते प्रोग्रॅम काढले, व्हायरस तपासला, दोनदा रीस्टार्ट केला. तरी कॅमेरा लावला की सगळं जागच्या जागी थांबायचं. तीन वाजता मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात सासरे शेजारी येऊन उभे राहिले. त्यांची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, मेंटेनन्सला गेली. कॉम्प्युटरला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. सीपीयूच्या डब्यावर तळहात ठेवून म्हणाले, "सूनबाई, हा लई तापलाय. बंद कर आणि वायर काढ."

स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आतल्या पंख्यावर पिठाचा जाड थर. बाजूलाच आमची घरघंटी आहे, दळण तिथंच होतं.

"हवाच मिळत न्हाई त्याला, पळंल कसा?" असं म्हणत त्यांनी कोरड्या ब्रशनं सगळं सावकाश साफ केलं.

पावणेचारला कॉम्प्युटर झटकन सुरू झाला. इंटरव्ह्यू एकदाही न अडकता पार पडला. निकाल कळायचाय, पण मन हलकं झालंय.

संध्याकाळी चहा घेताना सासऱ्यांना विचारलं, "अण्णा, तुम्ही कंपनीत नक्की काय करायचात?" ते तासभर बोलत होते. सहा वर्षं एका घरात राहून मी हे कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंय का तुमच्या घरी?