तीनशे पंधरा बोर

आमच्या घरात रायफल आहे हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मैत्रिणींनी आम्हाला जहागीरदार समजलं असतं. आम्ही चांदूर बाजारजवळच्या खेड्यात संत्रा आणि हरभरा करणारे लोक. रायफल मोठेबाबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. परवाना पीक संरक्षणाचा. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासाठी, आणि तेही वनखात्याने परवानगी दिली तरच.

रायफल जुनी, विलायती आहे. तिच्या घोड्याभोवती एक लोखंडी कडी आहे. कडी खाली ओढली की रिकामं काडतूस वरून उडतं, पुन्हा वर घेतली की नवं आत बसतं. गावात तिला कडीची रायफल म्हणतात. मोठेबाबा रोज संध्याकाळी गाईंना वैरण टाकून झालं की ती रिकामी असल्याचं दोनदा पाहतात आणि कडी चार वेळा खालीवर करतात. मी एकदा कारण विचारलं.

"जाम होते," ते म्हणाले.

"कधी झाली होती?"

"कदीच नाई. म्हून तं करतो."

अडचण काडतुसांची होती. तसली काडतुसं आता सहज मिळत नाहीत. मोठेबाबा एक काडतूस घेऊन अकोल्याच्या दुकानात गेले होते, मी सोबत होते. दुकानदाराने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हे आमच्या बाबानं इकलं असन. बाबाले जाऊन पंधरा वर्सं झाले." मग त्याने आम्हाला पाणी दिलं. घरच्या डब्यात तेव्हा अकरा उरली होती. पितळेवर हिरवट डाग पडलेले. त्यातलं कोणतं वाजेल ते सांगता येत नव्हतं.

मी त्यांच्यासोबत मचाणावर एकदाच बसले. डिसेंबर होता, ऊन उतरलं होतं. नाल्यातून सात रानडुकरं वर आली आणि हरभऱ्यात शिरली. मोठेबाबांनी नेम धरला, घोडा दाबला आणि नुसतं टिक झालं. त्यांनी रायफल हलवली नाही. जुनं काडतूस कधी कधी उशिरा उडतं, म्हणून नळी तशीच समोर धरून तीसपर्यंत मोजायचं असतं. ते हळू आवाजात मोजू लागले. डुकरं खात होती. मला वाटतं सतराला एकाने आमच्याकडे पाहिलं. तीस झाल्यावर मोठेबाबांनी कडी ओढली आणि दुसरं काडतूस मात्र उडालं. डुकरं गेली. पडलं एकही नाही.

"लागलं का?" मी विचारलं.

"आवाज लागला त्यायले," ते म्हणाले, आणि खाली उतरून न उडालेलं काडतूस ढेकळांत शोधू लागले.

त्यानंतरच्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आलं. मी अमरावतीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्ज मी भरायचा हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. मी होस्टेलवरून मोबाइलवर तो भरला. अर्ज इंग्रजीत होता. रायफलचा क्रमांक मी परवान्याच्या जुन्या पुस्तिकेच्या फोटोवरून उतरवला. त्या पुस्तिकेवर तेलाचे इतके डाग होते की बाकी काही वाचता येत नव्हतं. अर्जात पुढे गट नंबर होता, क्षेत्र होतं, पीक होतं, सातबारा जोडायचा होता. आणि मग एक रकाना होता, बोर.

पिकाच्या खाली बोर. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी मोठेबाबांना फोन केला.

"मोठेबाबा, बोर किती?"

"तीनशे पंधरा. कावून वं?"

"अर्जात लिवाचं हाये."

"लिव मंग."

मी तीनशे पंधरा लिहिलं. पुढे फूट लिहायला गेले तर रकाना अक्षरं घेईना, फक्त आकडे घेत होता. मी म्हटलं, त्यांना माहीत असेलच.

नवी पुस्तिका आली. मोठेबाबांनी तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. कुणी उघडून वाचली नाही.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं काडतुसांसकट ठाण्यात जमा करावी लागतात. मी सुट्टीत घरी होते म्हणून मोठेबाबांसोबत गेले. हवालदाराने पुस्तिका वाचली, रायफलची नळी वाचली, पुन्हा पुस्तिका वाचली.

"काकाजी, हे तं चव्वेचाळीस हाये. तीनशे पंधरा कोठी हाये?"

"वावरात," मोठेबाबा म्हणाले.

"वावरात ठेवलं?"

"मंग घरात ठेवतेत का?"

"राखाले कोन असते तिथी?"

"राखाचं काय त्यात. तोंडावर झाकन हाये, कुलूप लावलं."

हवालदार लिहू लागला. "जमिनीत गाडलं का तुमी?"

"गाडाचं काय. मशीन बोलावून मारला. पाह्यटपासून मारून राहिले होते."

हवालदाराचं पेन थांबलं. "कोनाले मारला?"

"बोर मारला. तीनशे पंधराले पानी लागलं."

मला तेव्हा कळलं. बंदुकीच्या नळीच्या मापालाही बोर म्हणतात. तीनशे पंधरा बोरच्या रायफली सर्रास असतात, म्हणून कचेरीत कुणाला शंका आली नसणार. मी हवालदाराला सांगितलं की अर्ज मी भरला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग उठून पाणी प्यायला.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने समजावलं की पुस्तिकेनुसार मोठेबाबांना जी रायफल ठेवता येते ती त्यांच्याकडे नाही, आणि जी आहे ती ठेवता येत नाही. पुस्तिका दुरुस्त झाली नाही तर ही परत मिळणार नाही. "त्यापरीस हे सरकारजमा करा आन खरी तीनशे पंधरा घ्या. काडतुसं बी भेटतेत तिचे."

"तिले कडी असते का?"

"नाई."

"मंग नाई," मोठेबाबा म्हणाले. त्यांना बहात्तरावं चालू होतं. निघताना ते रायफलकडे बघत नव्हते. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुरुस्तीसाठी मी अमरावतीच्या कचेरीत चार वेळा गेले. तिथल्या बाबूंनी चूक कशी झाली ते विचारलं आणि मी सांगितलं.

"शिकता का तुम्ही?"

"बी.ए. दुसरं वर्ष."

"विषय?"

"इंग्रजी."

त्यांनी मान हलवली आणि स्वयंघोषणापत्र लिहून आणायला सांगितलं. मी ते एका बैठकीत लिहिलं. आयुष्यात इतका खरा मजकूर मी आधी लिहिला नव्हता.

निवडणूक होऊन गेली. तीन महिन्यांनी दुरुस्त पुस्तिका मिळाली आणि आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो. मोठेबाबांनी सही केली, काडतुसं डब्यात भरली, रायफल चादरीत गुंडाळली. बाहेर पायरीवर बसून ते प्रथमच म्हणाले, "काय लिवलं होतं तुनं? वाच बरं."

झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. मी वाचलं, "मी सदर अर्ज भरताना बोर या शब्दाचा अर्थ शेतातील विहीर असा घेतला व तिची खोली नमूद केली. यात माझ्या मोठ्या वडिलांचा काहीही दोष नाही."

ते ऐकत होते. मग म्हणाले, "इहीर कावून लिवलं?"

"म्हणजे बोर. शुद्ध भाषेत."

"इहीर येगळी, बोर येगळा. इहीर तं आपल्यापाशी नाईच. सातबाऱ्यावर बी नाई."

मी कागद पुन्हा वाचला. ते बरोबर होतं. मी सरकारला आमच्याकडे तीनशे पंधरा फूट खोल विहीर असल्याचं लिहून दिलं होतं, सहीनिशी.

"बदलून आणू का?" मी विचारलं. मला खरंच जायचं होतं.

मोठेबाबांनी ठाण्याच्या दाराकडे पाहिलं. हवालदार आत कुणाशी तरी बोलत होता.

"आता नोको," ते म्हणाले आणि चादरीतली रायफल खांद्याशी धरून उठले. "आंदी घरी चाल. बिगीबिगी."