भागूबाईंचं ऊन

भोर संस्थानाच्या काळात तोरण्याच्या कुशीतल्या धनगरवाड्यावर भागूबाईंचा शब्द चालायचा. पावसाळाभर माणसं आणि म्हशी एकाच छपराखाली, चुलीच्या धुरात राहायची. गणपती गेले, रान सोनकीच्या फुलांनी पिवळं झालं, की सगळ्यांचा जीव बाहेर धावायचा. पण हस्त नक्षत्रातला शेवटचा, हत्तीचा पाऊस सरल्याशिवाय गोधडी उंबऱ्याबाहेर काढायची नाही, हा भागूबाईंचा दंडक होता.

त्या वर्षी त्यांची धाकटी सून चंद्राबाई घरात नवीन होती. लख्ख ऊन बघून तिनं सगळ्या गोधड्या अंगणातल्या खडकावर पसरल्या. भागूबाई तोंडाचा पट्टा सोडतच बाहेर आल्या. पण पाठीला ऊन लागलं आणि त्या तिथंच गोधड्यांशेजारी टेकल्या. चार महिन्यांची ओल हाडांतून निघायला लागली, तसे डोळे मिटले आणि बोलणं अर्ध्यावरच राहिलं.

दुपारी सर आलीच. चंद्राबाईनं गोधड्या कवटाळून घरात नेल्या आणि दारातून हाक मारली, "आत्याबाई, उठा, भिजताय तुमी."

भागूबाई जागच्या हलल्या नाहीत. डोळेही उघडले नाहीत.

"गोधड्या भिजल्या आसतील तर तुला सोडायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् म्या भिजले, हे वाड्यावर कुणाला सांगू नगंस."