आप्पांचा राहिलेला डोंगर

कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली. तिथे राग गिळायचा पगार मिळत होता. आता राग फुकट गिळावा लागतो, म्हणून सांगून मोकळा होतो. आमच्या मंडळींचे किस्से असे साठलेत, की एकाला हात घातला की चार अंगावर पडतात.

मंडळी म्हणजे तिघंच. मी, फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या सुनंदाआक्का आणि निपाणीकडचे आप्पा, तंबाखूचे शेतकरी. तिघांकडेही हौशी रेडिओचं सरकारी लायसन आहे. आम्ही डोंगर चढतो, माथ्यावर तार ताणतो आणि टिफिनएवढ्या रेडिओवरून जगात कुठेतरी बसलेल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्याला हाक मारतो. चार जणांनी ओ दिली की तो डोंगर झाला. पायथ्याहून बोललेलं धरत नाहीत. गाडीनं माथ्यावर गेलेलंही धरत नाहीत. तपासायला कोणी येत नाही, पण धरत नाहीत.

आप्पांचे या सीमाभागातले सगळे डोंगर झालेत, बेळगुंदीच्या पलीकडचा एक सोडून. आणि आप्पांचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यानंतर डोंगर विसरा. म्हणजे जायचं ते आत्ताच. आणि अख्ख्या तालुक्यानं नेमका हाच डोंगर अडवून धरायचं मनावर घेतलंय.

*

तार उभी करायला हलका, लांब दांडा लागतो. त्यासाठी मासे धरायचा दांडा उत्तम. घडी घातली की हातभर, उघडला की दुमजली. आता आप्पा जैन. कांदासुद्धा खात नाहीत. हा माणूस खांद्यावर मासेमारीचा दांडा टाकून निपाणीच्या स्टँडवर उभा राहिला की काय होत असेल?

एकदा त्यांच्याच समाजातले एक वयस्कर गृहस्थ समोर आले. दांड्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं.

"आप्पा, ह्या वयात हे काय धंदे?"

"डोंगरावर चाललोय."

"दांडा तर माशाचा दिसतोय."

"व्हय. म्हणून तर डोंगरावर जातोय. तिथं मासे न्हाईत."

*

पहिल्यांदा त्या डोंगराला निघालो तेव्हा पायथ्यालाच अडवलं. कोणीतरी फोन केला होता, की तीन म्हातारे मशीन घेऊन फिरताहेत. हवालदार आला. तरुण, कानडी, पण मराठी आमच्याहून चांगलं.

आक्कांनी लायसन दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं.

"मागच्या वेळी कुठं बोलला?"

"जपान," आक्का म्हणाल्या.

"बरं."

"मग रशिया. मग इंडोनेशिया."

"बरं, बरं. आणि?"

"कोल्हापूर."

त्यानं टोपी सरळ केली. "मॅडम, जपान चालतंय हो. कोल्हापूर कशाला काढलं?"

साहेबांना विचारल्याशिवाय सोडता येत नाही म्हणाला. साहेब जेवायला गेले होते. ते जेवून झोपलेही असावेत, कारण संध्याकाळपर्यंत फोन उचलला नाही. आम्ही खाली उतरलो नाही, कारण वर चढलोच नव्हतो.

*

साहेबलोकांवरचा आमचा राग जरा जुना आहे. एका पावसाळ्यात आप्पांच्या भागात नदीनं रस्ता गिळला, वीज गेली आणि पाठोपाठ मोबाईलही गेले. आप्पा गच्चीवर रेडिओला ट्रॅक्टरची बॅटरी लावून बसले. कुठल्या वस्तीत गरोदर बाई आहे, कुठल्या घरावर माणसं चढलीत, सगळं ते सांगत होते. इकडे आक्का ते लिहून घेत होत्या आणि मी छत्री धरून ते कचेरीत पोचवत होतो. होड्या गेल्या. माणसं निघाली.

पाणी ओसरल्यावर सत्कार झाला. आम्हाला बोलावलं होतं, मागच्या रांगेत. मोठ्या साहेबांनी भाषण केलं. या कठीण काळात सर्वात मोलाची मदत कोणाची झाली, असं म्हणून ते थांबले. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, उठायला बरं.

साहेब म्हणाले, "आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची."

टाळ्या झाल्या. आप्पांनी टोपी परत घातली.

*

दुसऱ्या खेपेला शहाणपणा केला. आधीच परवानगी काढायला एका कचेरीत गेलो. टेबलामागे कारकून होता. माझ्याच जातकुळीचा, पण मी निदान मान वर करत होतो.

"डोंगरावर कशाला जायचं?"

"रेडिओ लावायला."

"गाणी वाजवायला बंदी आहे."

"गाणी नाही. बोलायला."

त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "ट्रेकिंग आहे, शूटिंग आहे, पूजा आहे. बोलणं नाही. ट्रेकिंग साठ वर्षांपुढं देत नाही. शूटिंगला डिपॉझिट आहे." मग आमच्या तिघांच्या केसांकडे बघून म्हणाला, "पूजा टाकतो."

परवानगी हातोहात मिळाली.

त्या रविवारी गेलो, तर अर्ध्या चढावर लोखंडी गेट. मागच्या महिन्यापर्यंत नव्हतं म्हणे. वर रिसॉर्ट झालं होतं. डोंगर सरकारी, वाट गावची, गेट रिसॉर्टवाल्या शेठचं. मी रुबाबात कागद दाखवला. वॉचमननं तो वाचला, आमच्या पिशव्या उघडायला लावल्या. बॅटरी निघाली, तारेचं भेंडोळं निघालं, माशाचा दांडा निघाला.

बराच वेळ तो त्या दांड्याकडे बघत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "आजी, असली पूजा आमच्यात करत न्हाईत. खाली जावा."

आप्पा त्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवून गेटपाशी बसून राहिले. माथा तिथून दिसत होता. मी म्हटलं, इथूनच लावू तार, कोणाला कळतंय? आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुन्हा तो विषय काढला नाही.

*

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर आप्पा एकदाच म्हणाले, "आता शेवटचं जाऊन बघू." या वेळी गेटपाशी स्वतः शेठ होते. पांढरे बूट, हातात दोन फोन. वॉचमननं त्यांना आमची कहाणी सांगितली.

शेठ खूश झाले. "म्हणजे तुम्ही जगभर बोलता? मग सोडतो की. फक्त आमच्या रिसॉर्टची जाहिरात करायची."

लायसनवर जाहिरात करता येत नाही. मी तेच सांगणार होतो, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "तुमच्याबद्दल सांगतो की. समद्यास्नी सांगतो."

"मग बसा जीपमध्ये."

"न्हाय. चालत येतो."

शेठ जीपनं वर जाऊन खुर्ची टाकून बसले. आप्पा तासाभरानं पोचले. दर वळणावर थांबत, कोणाचा हात न धरता. आक्कांनी तार ताणली. शेठनी शर्ट नीट केला. त्यांना वाटलं, आता माईक निघेल.

आप्पांनी पिशवीतून तारयंत्राची छोटी पितळी किल्ली काढली. ते तोंडानं बोलत नाहीत, तारेच्या ठोक्यांनी बोलतात. टिक टिक, टिक. ती भाषा आमच्यात त्यांना आणि आक्कांना येते. मला फक्त टिकटिक ऐकू येते.

पहिला मिळाला, दुसरा मिळाला, तिसरा मिळाला. दर वेळी आप्पा नेहमीपेक्षा लांबण लावत होते. आक्का आधी बॅटरीकडे बघत होत्या. मग त्या पाठ करून पाणी प्यायला लागल्या. बाटली रिकामी झाली तरी पीतच होत्या.

चौथा जपानचा. आप्पांनी भरपूर वेळ ठोकलं. पलीकडून उत्तर आलं. आप्पांनी कानावरचा हेडफोन काढला आणि गुडघे चोळत आकाशाकडे बघितलं. डोंगर झाला होता.

"माझ्याबद्दल सांगितलं?" शेठनी विचारलं.

"चारी जणांना."

"जपानवाला काय म्हणाला?"

आप्पांनी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्याच म्हणाल्या,

"त्यानं सहानुभूती कळवली आहे."

शेठ खुर्चीतून उठून उभे राहिले. "माझ्याकडून थँक्यू सांगा त्याला."

आप्पांनी हेडफोन परत कानाला लावला आणि सांगितलं.