सातव्या पावलाची हाक

चहा आधी संपवा, मग सांगतो. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. मूर्खपणा माझाच आहे, तेव्हा मोकळेपणाने हसा.

तर आमच्या दुबईतल्या फ्लॅटच्या कर्जाचा पाच वर्षांचा ठरलेला व्याजदर संपत आला होता. बँकेने नवा दर कळवला होता आणि मी विचार करता करता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी सही केली नाही, तर हप्ता नऊशे दिरहमांनी वाढणार. म्हणजे बावीस हजार रुपये, दर महिन्याला. बायको, सुनंदा, दारातच म्हणाली, "अहो, दर चांगला आहे. यल्ला, निघा, सही करा आणि या. तिथे तुमचा शहाणपणा नको."

पण मी पडलो जुन्या दुबईतला, मनखूल वस्तीतला. लग्न करून आलो तेव्हा तिथे एका खोलीत राहायचो. गुरुवारी संध्याकाळी बाजारात जायचो. खरेदी कमी, घासाघीस जास्त. काय दिवस होते हो ते. दुकानदाराने ऐंशी म्हटलं की आपण चाळीस म्हणायचं, मग "खलास" म्हणून ताडताड दाराकडे निघायचं. सुनंदा मागून पळत पावलं मोजायची. सातव्या पावलाला हाक यायचीच, "हबीबी, आओ ना." कुकर, गालिचा, दोन सुटकेस, अख्खा संसार आम्ही असा उभा केला. आता सगळं ॲपवर, एकच भाव. खरं सांगू? त्या दिवशी मला कमी दरापेक्षा ती हाकच हवी होती.

बँकेत समोर बसली होती आशा. वयाने माझ्या मुलीएवढी, उल्हासनगरची सिंधी, मराठी एकदम फर्डं. तिने कागद पुढे सरकवला.

"अर्धा टक्का कमी कर," मी म्हणालो.

"काका, हाच दर आहे."

"मग खलास."

उठलो आणि निघालो. गुडघा सांभाळत, पण ऐटीत. पाच. सहा. सात. आठव्या पावलाला काचेचं दार आपोआप उघडलं आणि मी थेट ऑगस्टच्या उन्हात. मागे वळून बघणार कसा? इज्जतीचा प्रश्न होता. पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. शर्ट पाठीला चिकटला. मग सुनंदाचा चेहरा आठवला. आशाने ऑफर रद्द केली असली तर?

मुकाट्याने आत गेलो. टेबलावर कागद तसाच होता आणि शेजारी वाफाळता चहा.

"बसा काका, तुमच्यासाठीच मागवलाय."

"मी परत येणार हे तुला काय माहीत?"

"माझ्या पप्पांचं बर दुबईच्या जुन्या बाजारात कापडाचं दुकान होतं ना. ते सांगायचे, गिऱ्हाईक तरातरा निघालं तर धावत जाऊन हाक मार. सावकाश निघालं तर चहा सांग, ते येणारच."

सही केली. जीवात जीव आला. वाढीव हप्ता वाचला. पण मला कुठे राहवतंय?

"आणि मी तरातरा गेलो असतो तर?"

आशा कागद फाइलमध्ये लावत हसली. "तर हाक मारली असती. पाव टक्का सोडायची मुभा होती मला, काका."

सुनंदाला मी अजून फक्त चहाचंच सांगितलंय.