सगळ्यांचं बुडेल तो भाव

नाशिकच्या सराफ बाजारात तो पायरीवर बसून सुपारी कातरायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी बायकोच्या शिवणयंत्रासाठी जमवलेले पैसे मी पेढीवाल्या शेटजींकडे तेजीचा नजराणा म्हणून भरले होते. महिनाअखेर चांदी ठरल्या भावाच्या वर गेली तर नफा, नाहीतर नजराणा बुडाला, शेटजींच्या खिशात.

"भाव चढेल ना?" मी त्याला विचारलं.

"मास्तर, तेजी लावली कोणी?"

"सगळ्या पेठेने."

"नजराणे कोणाकडे?"

"शेटजींकडे."

"मग जिथं जास्तीत जास्त लोकांचं बुडेल, तिथंच थांबेल. भाव शेटजींना ओळखतो," अडकित्त्यावरून नजर न काढता तो म्हणाला.

महिनाअखेर भाव ठरल्या आकड्याच्या किंचित खाली थांबला. बायकोला मी सांगितलं, बाजार कोसळला. बाजार होता तिथंच होता.