फाटकाआतला मोगरा

चैत्रात मोगऱ्याचं पहिलं फूल उमललं की आमच्या घरमालकीण काकू फाटकाच्या आत उभ्या राहून शेजारणींना हाका मारायच्या. झाडाला हळदीकुंकू वाहून झालेलं असायचं. मग गजांमधून हात काढून प्रत्येकीच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायच्या. "आलं बाई एकदाचं," म्हणायच्या. बाहेर मात्र येत नसत.

धाराशिवात बँकेत नोकरीला असताना मी त्यांच्या माडीवर राहायचे. जिना रस्त्यावरून वेगळा होता. खाली काकू आणि सर, दोघंच. सर निवृत्त शिक्षक. स्मृती गेली होती, पाय शाबूत होते. एकदा न सांगता एसटीत बसून तेरला गेले आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठी सापडले. तेव्हापासून फाटकाला कुलूप लागलं. भाजी, दूध, औषधं, सगळं गजांमधूनच आत जायचं. मुलगा पुण्यात, तो फोनवर काळजी घ्यायला सांगायचा.

सकाळी काकू झाडांपाशी बसायच्या. "ह्या झाडांना तरी कुठं जाता येतंय," असं एकदा म्हणाल्या आणि हसल्या.

त्यांच्या भाचीचं लग्न तुळजापुरात होतं. रविवार होता, सरांपाशी मी बसते म्हणून हट्ट धरला. तीनदा नाही म्हणून शेवटी त्या गेल्या. दिवसभर सर मला विचारत होते, "घरी कधी सोडता? बायको वाट बघत असेल." मी संध्याकाळी, संध्याकाळी म्हणत राहिले.

काकू दिवेलागणीला परतल्या. ओठ विड्यानं रंगले होते. सरांना जेवू घालून ओट्यावर टेकल्या. मी म्हटलं, अधूनमधून अशाच जात जा.

"नको गं. आज जायलाच नको होतं. इतके दिवस बाहेरचं काही आठवत नव्हतं. आता रोज आठवंल."

त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

पुढं माझी बीडला बदली झाली. ते त्यांना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी फक्त गाडीची वेळ विचारली.

येडशी मागं पडली तसा त्यांचा फोन आला. "बाहेर काय दिसतंय, सांग."

मी सांगू लागले. नांगरलेली काळी रानं. ढाबे. येरमाळ्याच्या फाट्यावर देवीला जाणाऱ्या बाया, एकीच्या कडेवर पोर. काकू नुसतं हं, हं करत होत्या. मागून सरांची हाक आली. "थांब, आलेच," म्हणून त्यांनी फोन तसाच चालू ठेवून बाजूला ठेवला.

त्या परत आल्या नाहीत. मी चौसाळ्यापर्यंत सांगत राहिले.