गोल कोपऱ्यांची बोट

माझी अक्का कुठल्याही नव्या घरात शिरली की आधी गुडघ्यांवर बसते. उभं आयुष्य तिने आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवलं. त्यामुळे रांगणाऱ्या पोराचं डोकं कुठे आपटेल, बोट कुठे चेमटेल, हे पाहिल्याशिवाय तिला घर दिसतच नाही. माझ्या नव्या फ्लॅटचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. अक्का टीपॉयखालून म्हणाली, "हे टोक कुणाचा तरी डोळा घेणार."

कशानेही भारावून जाणं तिच्या स्वभावातच नव्हतं. भाऊजी नेमके उलट. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "जन्मभर वर-खाली केलं. आता आडवं जायचंय." आडवं म्हणजे शिडाच्या बोटीतून, किनाऱ्याकिनाऱ्याने, महिनोन्‌महिने. आणि अक्काला घेऊन.

अक्काने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग अट घातली. "दोन बोटी दाखवा. एक जरी पटली, तर पाळणाघर बंद करते आणि येते. नाही पटली, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

भाऊजींनी बंदरावर खेटे घालून दोन जुन्या बोटी हेरल्या. बघायला जाताना मलाही ओढलं. "तू असलीस की ती जरा कमी बोलते," म्हणाले. असं कधी झालेलं नाही.

पहिली बोट पांढरीशुभ्र. दलालाने दार उघडलं आणि आत चक्क दिवाणखाना! मऊ सोफा, काचेचं टेबल, चकचकीत लादी, भिंतीत बसवलेली शेगडी. भाऊजी एकेक बटण दाबत सुटले. "अगं, लिफ्टमध्येसुद्धा एवढी नसतात!"

अक्का खाली बसली.

"बाई, काही पडलं का?" दलालाने विचारलं.

"अजून नाही."

दलालाने एक फेरी मारायला बोट बाहेर काढली. धक्क्यापासून लांब गेल्यावर शीड चढलं आणि इंजिन बंद झालं. एवढी मोठी वस्तू आवाज न करता चालू लागली, तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. मग बोट एका अंगावर कलली. दलाल म्हणाला, "घाबरू नका, अशीच चालते." आत अक्काचे पाय लादीवरून सटकले. धरायला काही नव्हतं. टेबलाचा कोपरा कमरेत बसला आणि शेगडीवरची किटली सोफ्यात गेली.

"अगदी घरासारखी आहे," उतरल्यावर ती म्हणाली.

भाऊजी खुलले. "आहे ना?"

"हो. पण घर कलत नाही."

दुसरी बोट अर्धी-अधिक रंग उडालेली. मालकीण सत्तरीची, गुडघे साथ देईनात म्हणून विकत होती. आत अंधार, अरुंद वाट, रॉकेलचा आणि ओलसर लाकडाचा वास. "हा तर बोळ आहे," भाऊजी माझ्या कानात पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला होता.

अक्का गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. ती तळहात फिरवत होती. टेबल, फळ्या, पायऱ्या. टोक कुठेच नव्हतं. टेबलाला ताटासारखा काठ होता. पलंगाच्या कडेला जाडसर कापड गुंडाळून ठेवलेलं.

"हे कशाला?"

"झोपेत पडू नये म्हणून. वर बांधून घ्यायचं."

"मोठ्या माणसांनी?"

"समुद्रावर मोठं कोण असतं, बाई?"

सुकाणू मालकिणीनेच धरलं. शीड वाऱ्याने भरलं तेव्हा ती वरून ओरडली, "चहा टाका!" अक्काने किटली चढवली आणि बोट कलली. फळ्या तिरप्या झाल्या, खिडकीभर हिरवं पाणी धावू लागलं. मी किटली धरायला झेपावले.

"हात लावू नका!" मालकीण वरून ओरडली.

शेगडी दोन बाजूंना टांगलेली होती. सगळी खोली वाकडी झाली. शेगडी तेवढी सपाट राहिली. चहाचा थेंब सांडला नाही.

"चुलीला पाळणा केलाय," अक्का म्हणाली. तेवढ्यात तिचा तोल गेला. हात आपोआप वर गेला आणि छताजवळच्या लाकडी दांडीवर पडला. तिने हात काढला, दांडीकडे पाहिलं, पुन्हा तिथेच ठेवला.

"इकडे ये. इथे धर."

दांडीला गुळगुळीत खळगा पडला होता. माझी बोटं त्यात नेमकी बसली.

"घाबरल्यावर आपला हात जिथे जातो ना," ती कुजबुजली, "तिथे कुणाचा तरी आधीच जाऊन आलाय." झोपलेल्या पोरांजवळ बोलते तसा तिचा आवाज होता. तिचा तो चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता.

धक्क्यावर तिने मालकिणीला विचारलं, "किती वर्षं लागली हो त्या दांडीला खळगा पडायला?"

"मला कुठे? मी घेतली तेव्हाच होता. मी आपला हात ठेवला."

भाऊजी नापास झालेल्या मुलासारखे उभे होते. "हिच्यात उजेड नाही, हे कळतंय मला. पण पहिलीचा एकदा पुन्हा विचार—"

"हीच घ्यायची."

भाऊजींनी वळून बोटीकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "दोन-चार बटणं तरी बसवू का?"

"बसवा. गोल असू देत."

घरी आलो तेव्हा पाळणाघरात पाळणे एका ओळीत स्वस्थ होते. अक्काने एकाची दोरी हातात घेतली, हलवली नाही. "सोमवारी पोरांच्या आयांना सांगते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. चहा टाकला. उकळी यायची वाट बघता बघता तिने शेगडीला एका बोटाने हळूच ढकललं. शेगडी जागची हलली नाही.

"किती ढिम्म आहे गं हे घर," अक्का म्हणाली.